आजार जसा आहे तसा सांगा : आतड्यांचा जुनाट विकार आणि धावपळीचे आयुष्य

खांदा कॉलनीत आमच्या भागात वर्षावासात दर रविवारी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. गेल्या वर्षावासात एक तरुण नेहमी सर्वांत मागे, दाराला लागून बसायचा. पुढे जागा मोकळी असली तरी पुढे यायचा नाही. वाचन चालू असताना एक-दोनदा उठून बाहेर जायचा आणि परत येताना कोणाच्या नजरेला नजर द्यायचा नाही. ‘आजकालच्या पोरांचे मन लागत नाही’ असे एक-दोघे म्हणालेही. मला मात्र तो दाराजवळ का बसतो, हे दुसऱ्याच रविवारी कळले होते. कारण गेली बारा वर्षे मीही कुठेही गेलो की आधी दार आणि संडास कुठे आहे ते पाहतो आणि मग बसतो.

एका रविवारी खीरदान झाले. त्याने खीर घेतली नाही. मी बाहेर त्याच्याजवळ जाऊन हळूच विचारले, “पोटाचं काही आहे का रे?”

तो दचकला. “काका, तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. मलाही आहे.”

त्याला वर्षभरापासून दिवसातून सात-आठ वेळा जावे लागत होते. रक्त पडत होते, वजन कमी झाले होते. घरी त्याने फक्त ‘अॅसिडिटी आहे’ एवढेच सांगितले होते. नोकरी सोडण्याचा विचार चालू होता, कारण खांदेश्वरहून सीएसएमटीपर्यंत लोकलने सुमारे सव्वा तास लागतो आणि लोकलला शौचालय नसते. त्याच्याशी बोलल्यानंतर वाटले, आपल्या समाजात असे दाराजवळ बसणारे आणखीही असतील. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. मी डॉक्टर नाही. जे लिहिले आहे ते बारा वर्षांत डॉक्टरांकडून समजून घेतलेले आणि स्वतः जगलेले आहे. औषधाचा निर्णय मात्र प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा.

विनयपिटकातील एक आजारी भिक्खू

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार झाला होता. पालीत त्याला ‘कुच्छिविकार’ म्हटले आहे. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह निवासांची पाहणी करत तिथे आले. तुझी सेवा कोणी करत नाही का, असे त्यांनी विचारले. कोणी करत नाही, असे तो म्हणाला. कारण विचारल्यावर त्याने सांगितले की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी सेवा करत नाहीत.

भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. त्यांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग भगवंतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून त्याला उचलले व मंचावर निजवले. त्यानंतर संघाला एकत्र बोलावून सांगितले की, इथे तुमची काळजी घ्यायला आई-वडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? जो माझी सेवा करू इच्छितो, त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

हा प्रसंग आपण प्रवचनात पुष्कळदा ऐकतो. पण त्याच ठिकाणी पुढे भगवंतांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. कोणत्या रुग्णाची सेवा करणे सोपे जाते, याची पाच लक्षणे तिथे दिली आहेत. तो आपल्याला मानवेल तेच करतो. मानवणाऱ्या गोष्टीतही प्रमाण ओळखतो. औषध घेतो. आपली काळजी घेणाऱ्याला आजार जसा आहे तसा सांगतो, म्हणजे वाढला तर वाढला, कमी झाला तर कमी झाला, तसाच असेल तर तसाच आहे. आणि शरीराच्या वेदना सहन करतो.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या आतड्यांच्या जुनाट आजाराला अगदी लागू पडते. त्यातही चौथी गोष्ट माझ्या अनुभवाने सर्वांत मोठी आहे. हा आजार माणसाला जितका घरी बसवतो, त्याहून जास्त त्याची लाज घरी बसवते.

हा आजार म्हणजे नेमके काय?

आतड्यांना दीर्घकाळ सूज येणे आणि जखमा होणे, याला डॉक्टर थोडक्यात ‘आयबीडी’ म्हणतात. त्याचे मुख्य दोन प्रकार आहेत. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात फक्त मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते. ती गुदाशयापासून सुरू होते आणि सलग वर पसरते. दुसरा क्रोन्स. हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मधले भाग चांगले सोडून तुकड्यातुकड्याने होतो आणि आतड्याच्या पूर्ण जाडीत जातो. त्यामुळे आतडे अरुंद होणे किंवा भगेंद्र होणे असे त्रास त्यात जास्त दिसतात.

हा आजार बहुधा ऐन तारुण्यात, पंधरा ते पस्तीस या वयात सुरू होतो. म्हणजे शिक्षण, नोकरी आणि लग्न यांच्याच काळात. तो उसळतो आणि शांत होतो, पुन्हा उसळतो. उसळला की वारंवार शौचास जावे लागते, पोटात मुरडा येतो, आव आणि रक्त पडते, ताप येतो, वजन घटते, थकवा येतो. काहींचे सांधे दुखतात, डोळे लाल होतात. शांत असतो तेव्हा माणूस इतरांसारखाच जगतो.

आपल्याकडे निदान उशिरा होण्याची कारणे ठरलेली आहेत. रक्त पडले की मूळव्याध समजली जाते. आव पडली की अमिबा समजून गोळ्या दिल्या जातात. माझेही दीड वर्ष मूळव्याधीच्या मलमात गेले. क्रोन्सच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आतड्यांचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून पाहिले तरी बरेचसे सारखे दिसतात आणि आपल्या देशात टीबी भरपूर आहे. त्यामुळे डॉक्टर काही वेळा आधी टीबीचे उपचार देऊन पाहतात. त्यात डॉक्टरांचे चुकले असे समजू नये. क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली आणि आत टीबी निघाला, तर ते जास्त धोक्याचे असते.

‘आयबीएस’ नावाचा आजार यापेक्षा वेगळा आहे. त्यात पोट दुखते, जुलाब किंवा बद्धकोष्ठ होते, पण आतड्याला जखमा नसतात आणि रक्त पडत नाही. म्हणून रक्त पडणे, रात्री झोपेतून उठून जावे लागणे, कारण नसताना वजन घटणे, रक्त कमी होणे, तीन-चार आठवड्यांहून जास्त जुलाब चालणे, यातले काहीही असेल तर पोटाच्या तज्ज्ञांकडे जावे. रक्त आणि शौचाच्या तपासण्या होतात. त्यात ‘कॅलप्रोटेक्टिन’ नावाची शौचाची तपासणी आतड्यात सूज आहे का ते सांगते. खात्री मात्र कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी करून आणि आतड्याचा छोटा तुकडा तपासायला पाठवूनच होते. लोक या तपासणीला फार घाबरतात. आदल्या दिवशीचे पोट साफ करण्याचे औषध पिणे हाच त्यातला खरा कंटाळवाणा भाग आहे. तपासणीच्या वेळी झोपेचे औषध देता येते.

मुंबईत जेजे, केईएम, सायन आणि नायर या सरकारी व पालिका रुग्णालयांत पोटविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत. खांदेश्वरहून जेजेला जायचे तर सँडहर्स्ट रोडला उतरता येते. गाडी बदलावी लागत नाही.

हे कशामुळे होते आणि कशामुळे होत नाही

शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटते, एवढे कळले आहे. त्यामागे अनुवंश, आतड्यातील जंतू आणि राहणीमान यांचा एकत्रित वाटा मानला जातो. एकच एक कारण सापडलेले नाही. हा आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका संडासाचा वापर केल्याने तो कोणाला होत नाही. तिखट खाल्ल्याने किंवा बाहेरचे खाल्ल्याने तो जडत नाही. ताणामुळे असलेला त्रास वाढू शकतो, पण ‘तू टेन्शन घेतोस म्हणून झाले’ हे म्हणणे चुकीचे आहे.

‘मागच्या जन्मीचे भोग’ हे वाक्य तर आपल्या घरांतही अजून ऐकू येते. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना हाच प्रश्न विचारला आहे. माणसाला जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळेच होते, असे काही जण म्हणतात, त्याचे काय? भगवंतांनी पित्त, कफ, वात, तिन्हींचा संयोग, ऋतूतील बदल, शरीराची नीट काळजी न घेणे, बाहेरून झालेला आघात अशी वेगवेगळी कारणे सांगितली. कर्मविपाक हे त्या आठांपैकी केवळ एक. सारे पूर्वकर्मावर ढकलणे हे प्रत्यक्ष अनुभवाच्या पलीकडे जाणे आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. तेव्हा अंगारे-धुपारे नकोत, आणि रुग्णाला अपराधी वाटायला लावणेही नको.

पहिली गोष्ट : मानवेल ते खाणे

प्रत्येक रुग्ण विचारतो, काय खाऊ? सर्वांना चालेल असा एकच आहार या आजाराला नाही. दोन-तीन महिने वहीत रोज काय खाल्ले आणि पोट कसे राहिले ते लिहावे. आपले आपल्यालाच कळू लागते. काहींना दूध चालत नाही, पण दही-ताक चालते. काहींना दोन्ही चालतात.

आजार उसळलेला असताना मऊ भात, मुगाचे वरण, उकडलेला बटाटा, केळे, अंडे असे हलके खाणे बहुतेकांना बरे पडते. कच्च्या कोशिंबिरी, सालीची कडधान्ये, जाड कोंड्याचे पदार्थ तेवढ्यापुरते बाजूला ठेवावेत. शांत काळात मात्र हळूहळू सर्व आहार सुरू करावा. घाबरून वर्षानुवर्षे फक्त वरणभात खाणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना आजारापेक्षा कुपोषणाने जास्त थकवा येतो. क्रोन्समध्ये आतडे अरुंद झाले असेल तर बिया, साली आणि तंतुमय भाज्यांबाबत डॉक्टर सांगतील ते पाळावे.

दोन गोष्टी आवर्जून सांगतो. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी आजार उसळू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. आणि क्रोन्स असेल तर बिडी-सिगारेट सोडावीच. तिने क्रोन्स वाढतो.

उपोसथाला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणारे उपासक आहेत. आजार शांत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर ठीक. पण औषध जेवणासोबत घ्यायचे असेल किंवा वजन घटलेले असेल, तर पंचशील पाळावे आणि वेळेवर जेवावे. भगवंतांनी आजारी भिक्खूंसाठी नियमांत सवलती दिल्या होत्या, हे विसरू नये.

दुसरी गोष्ट : प्रमाण ओळखणे

सक्रिय आयुष्य म्हणजे सतत धावणे नव्हे. इंग्लंडचे नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यांना १९९२ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसचे निदान झाले. १९८४ ते २००० या सलग पाच ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले, म्हणजे त्यातली काही पदके निदानानंतरची आहेत. अमेरिकेच्या कॅथलीन बेकर हिने क्रोन्स असताना २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर बॅकस्ट्रोकचे रौप्य मिळवले.

जपानचे पंतप्रधान शिंजो आबे यांचे उदाहरण मला अधिक खरे वाटते. किशोरवयापासून त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. २००७ मध्ये वर्षभरातच त्यांना पद सोडावे लागले. पुढे नव्या औषधाने आजार आटोक्यात आला, २०१२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि त्या देशाचे सर्वांत जास्त काळ पंतप्रधान राहिले. २०२० मध्ये आजार पुन्हा उसळला, तेव्हा त्यांनी जाहीरपणे सांगून पद सोडले. या आजारात आयुष्य असेच चालते. कधी पुढे जायचे, कधी थांबायचे, थांबण्याची लाज वाटू द्यायची नाही.

आपल्यासाठी प्रमाण म्हणजे काय? शांत काळात रोज अर्धा-पाऊण तास चालणे. स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, त्यालाही चालण्याने मदत होते. आजार उसळला की व्यायाम कमी करायचा, झोप वाढवायची. एकदम पोटभर न जेवता थोडे थोडे चार-पाच वेळा खायचे. बरे वाटले की राहिलेली सगळी कामे एका दिवसात उरकायची नाहीत.

तिसरी गोष्ट : औषध घेणे

इथे सर्वांत जास्त लोक चुकतात. बरे वाटले की गोळ्या बंद करतात. या आजारात बरे वाटण्याचे कारणच बहुधा चालू असलेली गोळी असते.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मेसालामाइन हे नेहमीचे औषध. गोळी, एनिमा आणि गुदद्वारातून ठेवायची वडी अशा स्वरूपांत ते मिळते. एनिमा घ्यायला लोक लाजतात, पण जखम खालच्या भागात असेल तर तोच उत्तम लागू पडतो. आजार उसळला की काही आठवडे स्टेरॉइड देतात. स्टेरॉइड एकदम बंद करायचे नसते, डॉक्टर सांगतील तसे हळूहळू कमी करायचे असते. आणि त्याने बरे वाटते म्हणून स्वतःच्या मनाने पुन्हा पुन्हा सुरूही करायचे नसते. पुढच्या पायरीवर अझाथायोप्रिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आणि इन्फ्लिक्सिमॅब, अ‍ॅडालिमुमॅब ही इंजेक्शने येतात. ती महाग आहेत, पण भारतीय कंपन्यांनी बनवलेली तशीच औषधे आल्यापासून पूर्वीपेक्षा आवाक्यात आली आहेत. ती सुरू करण्यापूर्वी शरीरात दबलेला टीबी नाही ना, हे तपासावेच लागते.

खर्चाचे ओझे असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. जेनेरिक औषध लिहून घ्यावे, जनऔषधी केंद्रात विचारावे. शस्त्रक्रियेची वेळ आली तर रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. पैसे नाहीत म्हणून गुपचूप गोळ्या अर्ध्या करणे, हे डॉक्टरांना न सांगता कधीही करू नये.

आजाराला आठ वर्षे झाली की मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी ठराविक काळाने कोलोनोस्कोपी करून घ्यावी लागते. पोट अगदी छान असले तरीही. ‘सात दिवसांत मुळासकट बरे’ अशी जाहिरात दिसली की पुढे चालू लागावे.

चौथी गोष्ट : जसा आहे तसा सांगणे

डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘थोडे पोट बिघडते’ असे म्हणू नये. दिवसात किती वेळा, रात्री किती वेळा, रक्त किती, आव आहे का, घाई किती असते, कधी कपड्यात झाले का, हे आकड्यांत सांगावे. औषध किती आणि कोणते द्यायचे ते यावरच ठरते. आपण लाजून निम्मे सांगितले तर उपचारही निम्मेच होतात.

घरी सांगावे. मी आईला दोन वर्षे सांगितले नव्हते. ती रोज डब्यात प्रेमाने भाकरी-ठेचा द्यायची आणि मी तो टाकून द्यायचो. ज्या दिवशी सांगितले, त्या दिवशी ती एवढेच म्हणाली, “आधी का नाही बोललास?” दुसऱ्या दिवसापासून डबा बदलला.

कामाच्या ठिकाणी सगळ्यांना सांगायची गरज नाही. वरिष्ठांना आणि जवळच्या एका सहकाऱ्याला सांगावे. ‘मला आतड्याचा जुनाट आजार आहे, औषध चालू आहे, कधीकधी मध्येच उठून जावे लागते, त्या दिवशी मी काम नंतर भरून काढीन,’ एवढे पुरे. सोबत डॉक्टरांचे पत्र द्यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत हा आजार नाही. म्हणून कायद्याच्या आधाराआधी आपल्याला माणसांचा आधार उभा करावा लागतो.

लग्न जमवताना सांगावे का? सांगावे. या आजारात लग्न करता येते, मुले होतात. बहुतेक रुग्णांच्या मुलांना हा आजार होत नाही, धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त असतो एवढेच. गर्भधारणा आजार शांत असताना ठरवावी. बरीचशी औषधे त्या काळात चालू ठेवता येतात, पण मेथोट्रेक्सेटसारखे औषध चालत नाही. म्हणून आधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. लपवून केलेले लग्न मात्र गोळ्यांचे पाकीट सापडले त्या दिवशी अविश्वासात सापडते.

विपश्यना शिबिराच्या अर्जातही आजार आणि औषधांची माहिती विचारलेली असते. तिथेही खरे लिहावे आणि शिबिरात गोळ्या चालू ठेवाव्यात. ध्यानाने मन शांत होते, त्रासाकडे पाहण्याची ताकद येते. पण ध्यान हे गोळीच्या जागी घ्यायचे औषध नव्हे.

पाचवी गोष्ट : सहन करणे, पण कशाचे?

थकवा, रोजची सावधगिरी, ठरलेला कार्यक्रम ऐनवेळी रद्द करावा लागणे, हे सहन करावे लागते. मन खचते तेही खरे. तेव्हा त्याबद्दलही डॉक्टरांशी बोलावे.

पण काही गोष्टी सहन करायच्या नसतात. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप किंवा छातीत धडधड, पोट फुगून उलट्या आणि वायूही सरत नाही, अचानक असह्य पोटदुखी, चक्कर येईल इतका रक्तस्राव. यातले काही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. ‘बघू उद्या’ याला सहनशीलता म्हणत नाहीत.

काहींना आतड्याचा भाग काढून पोटावर पिशवी लावावी लागते. लोकांना वाटते, आयुष्य संपले. पिशवी लावून नोकरी करणारी, पोहणारी, संसार करणारी माणसे आहेत. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा रुग्णांसाठीच काम करते. पिशवी असलेल्या रुग्णांना रेल्वेच्या मासिक आणि त्रैमासिक पासात सवलत आहे. तिची चौकशी जरूर करावी.

लोकल, शौचालय आणि आपला हक्क

आता रोजच्या प्रवासाचे. घरून निघण्याच्या दीड-दोन तास आधी उठावे, म्हणजे सकाळची दोन-तीन फेऱ्यांची घाई घरीच उरकते. निघण्यापूर्वी भरपेट नाश्ता आणि चहा टाळून तो कार्यालयात गेल्यावर घ्यावा. एक गाडी सोडायची तयारी ठेवून निघावे. गाडी सुटेल ही भीतीच पोटात पहिला मुरडा आणते. वाटेतल्या कोणत्या स्थानकांवर वापरता येण्याजोगे शौचालय आहे, ते एका सुट्टीच्या दिवशी उतरून पाहून ठेवावे. मला तशी चार स्थानके पाठ आहेत. उतरावे लागले तर उतरायचे, पुढची गाडी असतेच. पिशवीत एक जोड कपडे, ओले रुमाल, एक प्लॅस्टिकची पिशवी, पाण्याची बाटली आणि मीठ-साखरेचे पाकीट असू द्यावे. बारा वर्षांत ते कपडे मला तीनदाच लागले. पण ते आहेत या धीरावर मी रोज गाडीत चढलो.

स्त्रियांची अडचण याहून मोठी आहे. मुंबईत २०११ पासून महिला संघटनांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम चालवली ती स्वच्छ, विनामूल्य आणि सुरक्षित मुताऱ्यांसाठी. आतड्याचा आजार असलेल्या बाईला तर बंद किंवा घाणेरडे शौचालय म्हणजे घरातच बसण्याची शिक्षा असते. ज्या जिल्ह्यात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर सार्वजनिक पाण्याचा हक्क बजावला, त्याच जिल्ह्यात आपण राहतो. सार्वजनिक सोय सर्वांना वापरता आली पाहिजे, हा आग्रह आपल्याला नवीन नाही. पनवेल महानगरपालिकेकडे बाजार, उद्याने आणि स्थानकाबाहेर उघडी व स्वच्छ शौचालये मागणे, हाही त्याच वाटेवरचा छोटा कार्यक्रम आहे.

विहारात आपण काय करू शकतो?

सेवा करणाऱ्याचीही पाच लक्षणे भगवंतांनी सांगितली आहेत. तो औषध तयार करून देऊ शकतो. काय मानवते आणि काय नाही ते जाणतो. लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करतो. मलमूत्राची, थुंकीची, ओकारीची किळस करत नाही. आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने रुग्णाला उभारी देतो.

यातून सोपी कामे निघतात. आपल्या विहारांच्या आणि समाजमंदिरांच्या शौचालयांना बहुधा कुलूप असते आणि किल्ली कोणातरी पदाधिकाऱ्याच्या खिशात असते. कार्यक्रम चालू असेपर्यंत ते उघडे ठेवावे, पाणी आणि साबण ठेवावा. दाराजवळच्या दोन खुर्च्या ज्यांना उठावे लागते त्यांच्यासाठी असू द्याव्यात. कोणी मध्येच उठले तर ‘कुठे चाललास’ असे विचारू नये. कोणी जेवण नाकारले तर आग्रह करू नये. चैत्यभूमीला किंवा दीक्षाभूमीला जथा निघतो, तेव्हा बस कुठे थांबणार ते आधी सांगावे. आपला माणूस शौचालयाच्या भीतीने अभिवादनाला मुकता कामा नये.

घरच्यांसाठी एक गोष्ट. आजार उसळला की पहिला प्रश्न येतो, ‘काय खाल्लेस? कोणाकडे खाल्लेस?’ चुंदाच्या घरचे भोजन घेतल्यानंतर भगवंतांना रक्ताचे अतिसार झाले. तो आजार आजच्या भाषेत कोणता, हा आपला प्रश्न नाही. त्या वेदनेतही त्यांनी आनंदाला सांगून ठेवले की, माझ्या जेवणामुळे असे झाले म्हणून चुंदाला पश्चात्ताप होऊ देऊ नका, त्याने दिलेले दान मोठ्या पुण्याचे आहे. स्वयंपाक करणाऱ्याला आणि जेवणाऱ्याला दोष न देणे, हे आपण तिथून शिकावे.

त्याच आजारात ऐंशी वर्षांचे भगवान पावा ते कुसिनारा चालत गेले. वाटेत एका झाडाखाली थांबले, आनंदाला चीवर चौपदरी करून अंथरायला सांगितले, थकलो आहे म्हणून सांगितले, पिण्यासाठी पाणी मागितले. बसले, आणि मग पुढे निघाले. थकलो हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आमच्या त्या तरुणाने त्या रात्री घरी सांगितले. पुढच्याच आठवड्यात त्याचा भाऊ त्याच्यासोबत रुग्णालयात गेला. दुर्बिणीची तपासणी झाली, औषध सुरू झाले. नोकरी त्याने सोडली नाही. अजूनही तो विहारात दाराजवळच बसतो. पण आता त्याची खुर्ची ठरलेली आहे आणि कधी उशीर झाला तर कोणी ना कोणी ती त्याच्यासाठी धरून ठेवते.

जयभीम. नमो बुद्धाय.